पुटकुळी इथे, किडा तिथे

पॅरिसच्या सेंट लुई हॉस्पिटलात १८३० च्या आगेमागे एका किड्यावर बक्षीस लागलं होतं. खरजेचा किडा मला कुणी प्रत्यक्ष दाखवला तर त्याला ३०० फ्रँक देईन, असं तिथल्या डॉक्टर लुगॉल यांनी विद्यार्थ्यांना सांगून ठेवलं होतं. (प्रयोगशाळेत वापरतात ते लुगॉलचं आयोडीन यांचंच.) असा किडा मुळात नाहीच, त्यामुळे हे पैसे आपल्या खिशातून कधी जायचे नाहीत, याची त्यांना खात्री होती.

लुगॉल काही अडाणी नव्हते. सेंट लुई हे त्वचारोगांसाठी नावाजलेलं ठिकाण होतं. साथीच्या रोग्यांसाठी १६०७ साली सुरू झालेलं हे हॉस्पिटल १८०१ पासून त्वचारोगांकडे वळलं होतं. खरजेचे रोगी तिथे ढिगाने येत. सूक्ष्मदर्शक हाताशी होते, पुटकुळ्या फोडून त्यातलं पाणी काचपट्टीवर घेणारे हुशार विद्यार्थी होते. वर्षानुवर्षं शोधूनही त्यांना काही सापडलं नाही. इतकं शोधून वस्तू मिळत नसेल तर ती नाहीच, असं म्हणणाऱ्या माणसाला दोष तरी काय द्यायचा?

गंमत अशी, की हा किडा त्याआधी जवळजवळ दीडशे वर्षं सापडलेला होता. त्याचं चित्र छापून झालं होतं, त्याचं अंडं पाहून झालं होतं, तो एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातो हे लिहून झालं होतं. आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून, ज्यांना कुणी शहाणं म्हणत नव्हतं अशा बायका तो सुईच्या टोकावर काढून नखांत चिरडत होत्या.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. 'हे असं का होतंय' या एका प्रश्नात माझा निम्मा दिवस जातो. म्हणून एखादं कारण सापडलं कसं, यापेक्षा सापडलेलं कारण हरवलं कसं, याचं मला जास्त कुतूहल आहे. अंगाला खाज सुटणं ही माणसाच्या जुन्यात जुन्या तक्रारींपैकी एक. तिचं कारण माणसाच्या हातात येऊन निसटलं, पुन्हा आलं, आणि शेवटी बसलं. ती ही गोष्ट.

'रक्त खराब झालंय'

अंगाला खाज सुटली की आपल्या घरात पहिलं वाक्य येतं, 'उष्णता झालीय.' दुसरं येतं, 'रक्त खराब झालंय.' मग कडुनिंबाचा पाला आंघोळीच्या पाण्यात, वांगं बंद, कुणीतरी सांगितलेला काढा चालू. आपणच तेवढे असं मानतो, असंही नाही. युरोपातल्या वैद्यांनी गेलेनच्या काळापासून दीड हजार वर्षं हेच मानलं. शरीरात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार द्रव असतात. त्यांचा तोल गेला की रोग होतो, आणि बिघडलेला द्रव कातडीतून बाहेर पडायची वाट शोधतो. पुटकुळी म्हणजे ती वाट. आपल्या चरकसंहितेतही १८ कुष्ठांच्या यादीत 'पामा' हा खाजरा विकार येतो, आणि त्याचं मूळ दोषांच्या बिघाडातच सांगितलं आहे.

हा सिद्धांत एकदा धरला की त्यातून दोन गोष्टी ओघाने येतात. पहिली, औषध पोटातून द्यायचं: जुलाब, पथ्य, रक्त काढणं. दुसरी जास्त महागात पडणारी. बाहेर पडू पाहणारा दोष मलम लावून दाबला तर तो आत शिरेल आणि मोठा रोग होईल. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी तर १८२८ च्या आपल्या ग्रंथात बहुतेक जुनाट आजारांचं मूळ अशा दाबल्या गेलेल्या खरजेत, त्यांच्या शब्दात 'सोरा'त, असल्याचं मांडलं. 'बाहेर पडतंय ते पडू दे, दाबू नकोस' हे वाक्य तुम्हीही कुठे ना कुठे ऐकलं असेल.

इकडे गंधकाचं मलम लावलं की खरूज जाते, हे रोमन काळापासून माहीत होतं. उपाय लागू पडत होता, पण तो का लागू पडतो हे कुणाला सांगता येत नव्हतं. असा कोड प्रत्येक कंपनीत एक तरी असतो. तो चालतो, म्हणून कुणी हात लावत नाही. आणि कुणाला कळलेला नसतो, म्हणून एक दिवस कुणीतरी तो काढून टाकतं.

किडा पाहणारे लोकही अधूनमधून होऊन गेले. बाराव्या शतकात सेव्हिलचा वैद्य इब्न झुहर याने कातडी सोलली की आतून जिवंत बाहेर येणाऱ्या, जेमतेम दिसणाऱ्या जीवाबद्दल लिहिलं. इंग्लंडच्या थॉमस मोफेटचा कीटकांवरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६३४ साली छापला गेला. त्यात त्याने एक फार मोलाची गोष्ट नोंदवली होती: हे किडे पुटकुळीच्या आत राहत नाहीत, तिच्या शेजारी राहतात. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा गोंधळ या वाक्याकडे दुर्लक्ष झाल्याने झाला.

लिव्होर्नोची सुई

इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर लिव्होर्नो हे बंदर आहे. सतराव्या शतकात तिथे वल्ही मारणाऱ्या गुलामांना कोंडून ठेवायची मोठी कोठडी होती, तिला 'बान्यो' म्हणत. याच गावात जाचिंतो चेस्तोनी हा औषधं बनवणारा माणूस दुकान चालवत होता आणि जोव्हान्नी कोझिमो बोनोमो हा विशीतला डॉक्टर त्याच्याबरोबर निरीक्षणं करत होता. दोघांनीही एक गोष्ट पाहिली होती. गरीब बायका आपल्या खरूज झालेल्या पोरांच्या अंगातून टाचणीने काहीतरी बारीक टोकरून काढतात. बान्योतले गुलाम एकमेकांच्या हातांवर हेच करतात, आणि निघालेला कण उवा मारतात तसा दोन नखांत दाबतात. दाबल्यावर बारीक आवाज येतो.

रिकाम्या पाण्याच्या थेंबाचा असा आवाज येत नाही. दोघांनी खरजेचा एक रोगी गाठला आणि त्याला साधा प्रश्न विचारला: सगळ्यात जास्त खाज कुठे सुटते? त्याने जागा दाखवली. तिथून सुईने एक पांढुरका कण काढून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तो कण चालत होता. कासवासारखा आकार, पांढरट रंग, अंगावर लांब केस, चपळ चाल, टोकदार तोंड आणि सहा पाय, असं वर्णन त्यांनी केलं. (मोठ्या किड्याला आठ पाय असतात, तो कीटक नाही, कोळ्याच्या आणि गोचिडीच्या कुळातला आहे. आपले शेतकरी पिकावरच्या त्याच्या भावंडांना 'लाल कोळी' म्हणतात, ते अगदी बरोबर.) पुढे त्यांना त्याचं अंडंही दिसलं.

१८ जुलै १६८७ या तारखेचं एक पत्र बोनोमोने फ्रांचेस्को रेदी यांना लिहिलं आणि ते छापलं गेलं. रेदी म्हणजे ज्यांनी १६६८ साली मांसाच्या भांड्यांवर जाळी बांधून, मांसातून अळ्या आपोआप जन्मत नाहीत, माशी बसली तरच होतात, हे दाखवलं तेच. खरजेचा किडा अंडं घालतो, म्हणजे तोही बिघडलेल्या रक्तातून आपोआप जन्मत नाही, ही गोष्ट त्यांच्या लगेच लक्षात आली असणार.

त्या पत्रातलं चित्र छानच आहे, पण मला त्यातला युक्तिवाद जास्त आवडतो. किडा हे कारण धरलं की आधी न जुळणाऱ्या सगळ्या गोष्टी जुळतात. खरूज एकाची दुसऱ्याला का लागते? किडा चालत जातो. अंथरुणं, कपडे, पंचे यांतून का पसरत असावी? किडा अंगाबाहेरही थोडा वेळ जगतो. पोटातलं औषध निकामी का ठरतं? ते किड्यापर्यंत पोचत नाही. गंधकाचं मलम का लागू पडतं? ते किडा मारतं. बरी झालेली खरूज परत का येते? अंडी राहून जातात. ज्या काळात रोग आतून येतात असंच सगळे मानत होते, त्या काळात एका रोगाचं कारण बाहेरचा, डोळ्यांना दिसणारा एक जीव आहे, असं या दोघांनी पुराव्यानिशी मांडलं.

पुढे? पुढे काही नाही. पोपचे वैद्य लान्चीझी यांना हे पटलं नाही. खरजेचं मूळ बिघडलेल्या द्रवांतच आहे, असं त्यांचं मत कायम राहिलं. ज्या देशात अर्ध्या शतकापूर्वी गॅलिलिओवर खटला चालला होता, तिथे पोपच्या वैद्याशी वाद वाढवणं शहाणपणाचं नव्हतं. बोनोमो गप्प बसला आणि १६९६ साली वारला. १७०३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात रिचर्ड मीड यांनी त्या पत्राचा गोषवारा इंग्रजीत छापला. १७१० मध्ये म्हाताऱ्या चेस्तोनीने, हा शोध मुळात माझा, असं वाल्लिस्नेरी या विद्वानाला लिहून कळवलं. पत्र जळलं नव्हतं, हरवलं नव्हतं. ते कपाटात होतं. डॉक्टर रोग्याचं रक्त काढतच राहिले.

चीजवरचा किडा

आता परत पॅरिसला येऊ. १८१२ साली सेंट लुईमधल्या औषधविभागातल्या गालेस नावाच्या माणसाने खरजेवर प्रबंध लिहिला. आपण पुटकुळ्यांमधल्या पाण्यातून शेकडो किडे काढले, असं त्यात म्हटलं होतं. सोबत सुबक चित्र होतं. प्रबंध गाजला. चला, किडा मिळाला.

पण दुसऱ्या कुणाला तो मिळेना. गालेसने सांगितलं तसंच करायचं, पुटकुळी फोडायची, पाणी काचेवर घ्यायचं, बघायचं. आणि काहीच नाही. एक वर्ष, पाच वर्षं, पंधरा वर्षं. शेवटी १८२९ साली रास्पाय या शास्त्रज्ञाने गालेसचं चित्र नीट तपासलं आणि दाखवून दिलं, की हे चित्र खरजेच्या किड्याचं नाहीच. जुन्या चीजवर जे बारीक किडे होतात, त्यांतल्या एकाचं आहे.

गालेसने मुद्दाम फसवलं की त्याचा गोंधळ झाला, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. गोंधळाला जागा होती, हे खरं. खुद्द लिनियसने जीवांची नावं ठरवताना पिठातला किडा आणि खरजेचा किडा एकाच नावाखाली बसवले होते. पण हेतू काहीही असो, परिणाम एकच झाला. चित्र खोटं ठरलं, तेव्हा लोक म्हणाले, किडाच खोटा. बोनोमोचं खरं चित्रही त्याच टोपलीत गेलं. लुगॉल यांचं बक्षीस लागलं ते या वातावरणात.

टीममध्ये कुणीतरी 'सापडलं!' म्हणून ओरडतो, मग ते खोटं निघतं, आणि पुढे सहा महिने त्या दिशेला बघायलाच कुणी तयार होत नाही, हा प्रकार मी पाहिलेला आहे. कच्च्या पुराव्याचं नुकसान दुहेरी असतं. तो स्वतः पडतो आणि पडताना खऱ्या पुराव्यालाही घेऊन जातो.

१३ ऑगस्ट १८३४

रेनुच्ची हा सेंट लुईमध्ये शिकायला आलेला विद्यार्थी मूळचा कॉर्सिका बेटावरचा. गालेस आणि रास्पाय यांचा वाद ऐकून त्याला बहुधा नवल वाटलं असेल, कारण त्याच्या गावाकडे बायका हा किडा सर्रास सुईने काढायच्या. त्याने ते लहानपणापासून पाहिलं होतं. १३ ऑगस्ट १८३४ रोजी प्राध्यापक आलिबेर यांच्या वर्गात, सगळ्यांसमोर, त्याने खरूज झालेल्या एका बाईचा हात हातात घेतला आणि सुईच्या टोकावर एक पांढरा ठिपका काढून दाखवला. सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्याला पाय होते. काही दिवसांनी लुगॉल यांच्यासमोर पुन्हा तेच केलं. त्यांनाही मान्य करावं लागलं.

रेनुच्चीने नेमकं काय वेगळं केलं? त्याने पुटकुळी फोडली नाही. तो पुटकुळीच्या जवळ, कातडीवर दिसणारी बारीक करडी रेघ शोधत होता. खरजेची मादी आकाराने जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटर असते. ती कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरात बीळ करते, रोज दोन-तीन अंडी घालत पुढे सरकते. हे बीळ काही मिलिमीटर लांब असतं, आणि मादी त्याच्या टोकाला बसलेली असते. पुटकुळ्या येतात त्या आपल्या शरीराच्या प्रतिक्रियेमुळे. किडा, त्याची विष्ठा, त्याची अंडी यांची आपल्याला ॲलर्जी होते, आणि अंगावर पुरळ उठतं. कधी कधी तर किडा जिथे नाहीच अशा जागीही. वीस वर्षं पॅरिसचे डॉक्टर पुटकुळ्यांमध्ये शोधत होते. तिथे किडा असणारच नव्हता.

प्रोग्रॅमिंग शिकताना पहिल्या वर्षभरात प्रत्येकाला एक धडा मिळतो: एरर जिथे छापला जातो, चूक तिथे असेलच असं नाही. चूक कुठेतरी वर, आधीच्या ओळीत, दुसऱ्याच फाइलमध्ये बसलेली असते. एरर म्हणजे तिच्यावर झालेली प्रतिक्रिया. मोफेटने दोनशे वर्षांपूर्वी हेच लिहिलं होतं. कॉर्सिकातल्या बायकांना ते न लिहिता माहीत होतं.

दहा वर्षांनी, १८४४ मध्ये, व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी स्वतःच्या अंगावर किडे सोडून घेतले, काय होतं ते टिपलं, आणि खरजेचं कारण किडा आणि फक्त किडा, हे पक्कं केलं. द्रवांचा सिद्धांत निदान या रोगापुरता संपला.

गाद्यांमध्ये घातलेला हात

पण खाजऱ्या पुटकुळ्या म्हणजे प्रत्येक वेळी खरूज नव्हे. १९०९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या फिलाडेल्फियामध्ये खलाशांच्या अंगावर गांधी उठू लागल्या. प्रचंड खाज, पण हाताच्या बेचक्यात बीळ नाही, किडा नाही. कुठल्या साथीच्या रोगाची सुरुवात तर नाही ना, अशी धास्ती. सरकारी आरोग्य खात्याने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला पाठवलं, आणि स्थानिक त्वचारोगतज्ज्ञ जे शॅम्बर्ग त्याच्या जोडीला आले.

सगळ्या रोग्यांमध्ये समान काय? ते गवताच्या पेंढ्याने भरलेल्या नव्या गाद्यांवर झोपत होते. गोल्डबर्गरने दोन गाद्यांच्या मध्ये आपला उघडा हात घातला आणि तासभर तसाच ठेवला. काही तासांनी त्याच्या हातावर गांधी उठल्या. म्हणजे गोष्ट गादीत आहे. पण गादीत काय? पेंढा, धूळ, रसायन, जीव?

त्यांनी पेंढा चाळला आणि खाली पडलेल्या चाळाचे दोन भाग केले. एका भागाला क्लोरोफॉर्मची वाफ दिली, दुसरा तसाच ठेवला. दोन्ही एका स्वयंसेवकाच्या दोन काखांना लावले. क्लोरोफॉर्म दिलेल्या बाजूला काही झालं नाही. दुसऱ्या बाजूला पुरळ उठलं. धूळ क्लोरोफॉर्मने मरत नाही, म्हणजे कारण जिवंत आहे. मग भिंगाखाली चाळ तपासून त्यांनी बारीक किडे वेचले, त्यातले पाच कातडीवर ठेवून पाहिले, आणि पुन्हा पुरळ उठलं. हा कोळ्याच्याच कुळातला दुसरा किडा. तो माणसावर राहत नाही. पेंढ्यात धान्याच्या किडींच्या अळ्या असतात, त्यांच्यावर तो जगतो. मधे माणूस आला की त्याला चावतो. पुरळ उठेपर्यंत तो अंगावर नसतोही. कातडी कितीही तपासली असती तरी तो सापडला नसता.

गुन्हेगार इथे शेजारच्या बिळातही नव्हता, तो अंथरुणात होता. आणि तो पकडायला लागलं काय? एक हात, एक चाळणी, थोडं क्लोरोफॉर्म, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची शिस्त.

शेफिल्डची घोंगडी

पेंढ्याच्या किड्याने अंथरुणावर संशय घ्यायला शिकवलं, तर खरजेने पुन्हा उलट धडा दिला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये खरूज प्रचंड पसरली. सैन्यात, निर्वासित मुलांमध्ये, सगळीकडे. ती सैनिकांच्या घोंगड्यांतून पसरते असं समजून घोंगड्या तापवून निर्जंतुक करण्यावर बराच खर्च चालला होता. केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाला वाटलं, हे तपासून तरी पाहू.

त्याने स्वयंसेवक म्हणून घेतले ते शांततावादी तरुण. माणूस मारणार नाही म्हणून त्यांनी सैन्यात जायला नकार दिला होता. शेफिल्डमधल्या एका घरात १९४१ पासून ते राहू लागले. खरूज झालेल्या सैनिकांनी वापरलेली, न धुतलेली घोंगडी पांघरून ते उघड्या अंगाने झोपत, त्यांचे मळके आतले कपडे घालत. असे ६३ प्रयोग झाले. खरूज लागली फक्त दोनदा. मग त्यांनी खऱ्याखुऱ्या रोग्यांसोबत एका बिछान्यात झोपायला सुरुवात केली, आणि खरूज लागू लागली. घोंगडी नव्हे, अंगाला अंग लागणं, तेही बराच वेळ, हे मुख्य कारण होतं. हातमिळवणीच्या एका क्षणात सहसा काही होत नाही. एका अंथरुणात झोपणारी भावंडं, नवरा-बायको, आई आणि तिचं तान्हं बाळ, यांच्यात खरूज फिरते.

मेलनबीने दोन गोष्टी आणखी मोजल्या. ८८६ रोग्यांच्या अंगावरच्या माद्या मोजल्या तर सरासरी निघाली माणशी ११ च्या आसपास. अंगभर खाज, आणि किडे डझनभरही नाहीत! त्यातल्या साठ टक्क्यांहून जास्त हातांवर आणि मनगटांवर. आणि दुसरी गोष्ट: पहिल्यांदा खरूज लागलेल्या स्वयंसेवकाला जवळजवळ महिनाभर खाज आलीच नाही. शरीराला ॲलर्जी व्हायला तेवढा वेळ लागतो. बरा होऊन पुन्हा लागली की मात्र एका दिवसात खाज सुरू.

म्हणजे या रोगात कारण आणि लक्षण यांच्यात दोन अंतरं आहेत. जागेचं अंतर रेनुच्चीने दाखवलं, वेळेचं मेलनबीने. ज्याला आज खाजत नाही त्याच्या अंगावर किडा असू शकतो, आणि तो या क्षणी तुमच्याशेजारी झोपलेला असू शकतो.

ज्याला खाज, त्याला मलम

हे पुस्तकी वाटेल म्हणून एक उदाहरण देतो. इंजिनिअरिंगला असताना आमच्या होस्टेलच्या मजल्यावर एकाला खाज सुरू झाली. पाणी बदललं म्हणून, मेसचं तेल म्हणून, उष्णता म्हणून, अशी कारणं झाली. मग तो गुपचूप जाऊन मेडिकलमधून एक ट्यूब घेऊन आला. आठ दिवस बरं वाटलं. मग दुसऱ्याला झालं, मग तिसऱ्याला. प्रत्येकाने आपापलं, लपवून, वेगवेगळ्या वेळी औषध लावलं. एक बरा झाला की दुसऱ्याकडून त्याला परत लागायची. वॉर्डनने स्वच्छतेवर भाषण दिलं. तीन महिने हे चाललं. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पहिल्याला विचारलं, 'खोलीत किती जण झोपता?' आणि सगळ्यांना, न खाजणाऱ्यांनासुद्धा, एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत औषध लावायला सांगितलं. आठवड्याने पुन्हा एकदा. चादरी, कपडे गरम पाण्यात. प्रकरण तिथे संपलं.

मेडिकलमधून आणलेल्या त्या ट्यूबसारख्या अनेक मलमांत स्टेरॉइड असतं. त्याने खाज दबते, पुरळ मावळतं, आणि किडा अंडी घालत राहतो. चारशे वर्षांपूर्वीच्या वैद्यांना 'दाबलं जाईल' अशी भीती होती, ती गंधकाबद्दल खोटी होती. स्टेरॉइडच्या बाबतीत मात्र रोग खरोखरच झाकला जातो.

खरजेला हसायची पद्धत आहे. मराठीत 'खाजवून खरूज काढणं' म्हणजे नसती उठाठेव. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने कुठल्याही क्षणी जगात २० कोटींहून जास्त लोकांना खरूज असते, आणि २०१७ मध्ये तिचा समावेश दुर्लक्षित रोगांच्या यादीत झाला. खाजवून झालेल्या जखमांत जिवाणू शिरतात, आणि लहान मुलांमध्ये त्यातून मूत्रपिंडाचे विकारही होऊ शकतात. फिजीमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात काही बेटांवरच्या सगळ्या लोकांना, खाज असो वा नसो, आयव्हरमेक्टिन हे औषध दिलं. खरजेचं प्रमाण वर्षभरात ३२.१ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आलं. जिथे फक्त रोग्यांना आणि त्यांच्या घरच्यांना मलम दिलं, तिथे ते ३६.६ वरून १८.८ पर्यंतच उतरलं. औषध महत्त्वाचं आहेच, पण ते एकदम सगळ्यांना देणं त्याहून कमी महत्त्वाचं नाही.

आणि सगळ्यांना एकदम द्यायचं तर आधी सांगावं लागतं. खरजेची खरी अडचण तिथे आहे. लोक सांगत नाहीत. खरूज म्हणजे घाण, खरूज म्हणजे गरिबी, असं आपण ठरवून टाकलंय. किड्याला यातलं काही माहीत नाही. त्याला उबदार कातडी हवी असते, आणि रोज आंघोळ करणाऱ्याची कातडीही तेवढीच उबदार असते.

तेव्हा घरात कुणी खाजवू लागलं आणि दुसरं कुणी 'रक्त खराब झालंय' म्हणालं, तर दोन प्रश्न विचारून बघा. रात्री खाज वाढते का? घरात, खोलीत आणखी कुणाला आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' आलं तर काढा बाजूला ठेवून, सगळ्यांना घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ते हातातल्या दिव्याच्या भिंगातून बोटांच्या बेचक्यात पाहतील. त्यांना शोधायचा असतो एक बारीक गडद त्रिकोण आणि त्याच्यामागे निघालेली पांढुरकी रेघ. आकाशात जेट विमान गेल्यावर उरते तशी. रेघ म्हणजे बीळ, त्रिकोण म्हणजे किड्याचं पुढचं टोक. लिव्होर्नोच्या आणि कॉर्सिकाच्या बायका ही रेघ नुसत्या डोळ्यांनी शोधायच्या. बोनोमो, चेस्तोनी, रेनुच्ची यांची नावं आपल्याला माहीत आहेत. श्रेयावर कुणी हक्क सांगितला तेही नोंदलेलं आहे. ज्यांच्याकडे बघून ते शिकले, त्या बायकांपैकी एकीचंही नाव कुणी लिहून ठेवलं नाही.